एमएच दहा, बिनचाकी

सावळजच्या पुढं, बेदाण्याच्या शेडमागं
चार दगडांवर टेकलाय माझा पार्सलचा ट्रक.
चाकं उसाच्या गाडीला गेली,
इंजिन कुपवाडच्या भंगारात,
हॉर्नचं काय झालं कुणाला ठाऊक नाही.

अकरा वर्षं ह्याच्या पोटातून
लोकांची खोकी काढली:
मिक्सर, साड्या, एकदा कुणाची तरी कवळी.
घरनंबर कुठला?
पिराच्या मागं, निळं दार, कुत्रं बांधलेलं.
कुत्रं कधीच बांधलेलं नसायचं.

आता पत्र्यात खिडकी कापलीय, वेडीवाकडी.
पत्ता न सापडलेला माल जिथं पडायचा
तिथं यल्लव्वाची चूल.
दिवसभर बेदाणा निवडून
तिच्या हातांना गंधकाचा वास.
‘नाजूक माल’च्या अर्ध्या सोललेल्या स्टिकरखाली
पोर झोपलंय, तोंड उघडं टाकून.

सवयीनं कडी दोनदा वाजवली,
खिशातलं पेन चाचपलं.
“कोण पायजे?”
इतक्या दारांत उभा राहिलो,
हे कुणी विचारलं नव्हतं.
“काय नाही,” म्हटलं, “सही नको.”

तिनं तांब्या आणून दिला.
पाणी पीत उभा राहिलो.
उन्हं कलली होती, पत्रा टकटकत होता,
इंजिन बंद केल्यावर
थोडा वेळ टकटकायचा
तसा.