घोटा

एक्स-रेत काही नाही, म्हणाले डॉक्टर उर्सुआ.
हाड जुळलंय, सूज उतरलीय.
उजेडाच्या काचेवर लावलेला माझा पाय
दुसऱ्याच कुणा बाईचा असावा
इतका शहाणा दिसत होता.

चौदा महिने झाले.
वाल्पाराइसोच्या या टेकडीवर माझी टपाल-फेरी:
एकशे बासष्ट पायऱ्या, वळण, मग आणखी अठ्ठावन्न,
आणि शेवटच्या घरात दोन्या ओतिलिया,
जिला विजेच्या बिलाशिवाय काही येत नाही
तरी दारात उभी.

पडले तेही काही पराक्रमात नाही.
सुट्टीच्या दिवशी, सपाट रस्त्यावर, काखेत पाव,
कोपऱ्यावरच्या कुत्र्याला नावाने हाक मारताना.
कट्.
पाव सोडला नाही, एवढंच.

तेव्हापासून पावलाच्या वर, करंगळीच्या अलीकडे,
दोन तिकिटं मावतील एवढी जागा आहे
जिथे माझं काही चालत नाही.
दिवसा तिथे काहीच पोचत नाही,
सुई नाही, गार फरशी नाही.
रात्री चादरीची कड लागली
की सगळं थकलेलं एकदम येतं:
आग, मुंग्या,
ओला मोजा घातल्याचा भास.
उठून दिवा लावते. पाय कोरडा, उघडा,
माझ्याकडे बघतोय.

व्यायाम शिकवणारा पोरगा म्हणतो, डोळे मिटा,
आता एका पायावर.
कुणाचं बाळंतपण असो, मयत असो, संप असो,
मी आयुष्यभर एका पायावर तयार असलेली बाई
चार सेकंदांत भिंत धरते.
‘तुमच्या घोट्याला कळत नाही तो कुठे आहे,’
असं तो म्हणतो, अगदी मऊ आवाजात,
जणू घरातल्या कुणा म्हाताऱ्याबद्दल सांगतोय.

बाईचं पाऊल वाकडं पडलं तर लोक काय बोलतात
ते आईने लहानपणीच बजावलं होतं.
माझं रोज पडतं.
नव्वदाव्या पायरीवर, कधी चुलीपाशी,
कशाचंही निमित्त नसताना.
कुणी काही बोलत नाही.
ऑफिसात मात्र खुर्ची रिकामी ठेवलीय माझ्यासाठी,
पाकिटं निवडायला.

परवा वळणावर पोचले
तर दोन्या ओतिलिया खाली येऊन बसलेली,
अठ्ठावन्न पायऱ्या, दोन्ही दुखऱ्या गुडघ्यांसकट.
म्हणाली, दे बिल.
मी दिलं. बसले शेजारी.
बंदरात क्रेन एक लाल डबा उचलून
तो कुठे ठेवावा याचा विचार करत होती.

मग तिला वर जायचं होतं, मला खाली,
आणि उठताना
कुणी कुणाला धरायचं
ते काही ठरेना.