डोळा लागला

ओरुरोच्या इस्पितळात नर्स फॉर्म वाचते.
मी बोलते, ती खुणा करते.
समाधान किती, एक ते दहा?
बाई, असं बटाट्याचं वजन सांगतात. पुढचं विचार.

डोळा हलतो का?
हलतो. डावीकडे पुरता, वर जरा कमी.
वर बघायचंय कुणाला?
बत्तीस वर्षं खाणीच्या टेकाडावर
मी खालीच बघत आले,
फेकलेल्या दगडांतून कथिल वेचत.
हातोडा माझा, दगड माझा, उडालेली कपचीही माझीच.
सोसायटीने काणाडोळा केला;
त्यांचे तर दोन्ही शाबूत.

पाणी येतं?
थंडीत सकाळी येतं, पिवळसर, पापण्या चिकटतात.
आणि रडताना दोन्हींतून येतं.
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आत काय बसवलंय, ठाऊक आहे?
पोवळं. समुद्रातलं, बारीक भोकांचं, मोठ्या गोटीएवढं.
भोकाभोकांतून माझ्याच शिरा शिरल्यात म्हणे.
आमच्या देशाला समुद्र नाही.
होता; खापरपणजोबाच्या लढाईत गेला.
दर मार्चमध्ये शाळेची पोरं बँड वाजवत तो परत मागतात.
यंदा माझी नात यारित्सा ढोल घेऊन पुढे होती.
मी कडेला उभी,
खोबणीत एवढासा समुद्र घेऊन.
बोलले नाही कुणाला.
हसले असते. नाहीतर मागितला असता.

रंग जुळला?
म्हातारा फेलिसियानो चार तास समोर बसून रंगवत होता.
पांढऱ्यात लाल रेशमाचे धागे बसवले,
बुबुळाच्या काठाला राखी कड.
म्हटलं, ती म्हातारपणाची कड नको.
म्हणाला, मग उजवा डोळा डाव्याची मुलगी दिसेल.
इतका वेळ माझ्या डोळ्यात
लग्नातसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं.

नवऱ्याचं काय म्हणणं?
माझा डोळा लागला तरी तो डोळा नीट मिटत नाही.
पहिल्या रात्री एउसेबियोने विचारलं, जागी आहेस?
मी घोरत होते म्हणे.
आता त्याच बाजूला झोपतो,
कुणीतरी राखणीला आहे म्हणतो.
पिऊन आला की मात्र कूस बदलतो.

आकडा राहिलाय, नर्स म्हणते.
सकाळपासून उभी आहे पोर, तिचेच डोळे लाल.
सात लिही.
ऑगस्टात धुळीचा वारा सुटतो,
तीन त्याचे कापले.