झाकली मूठ

देवळाली कॅम्पातून तेहमीबाई दुभाष रिक्षानं आल्या,
मांडीवर बिस्किटांचा डबा.
डब्यात फ्लॅनेलचा तुकडा, तुकड्यात पिस्तूल.
"घाबरू नका वडनेरे, आतली सुई कधीच काढलीय,
कागद आहेत सगळे."
कागदांनाही बिस्किटांचा वास.

डाव्या पट्टीचा खालचा कोपरा उडालेला, नखाएवढा.
तिथून वर स्क्रूपर्यंत केसासारखी भेग.
पडलं का?
"नाही हो. पप्पांनी खिळा ठोकला ह्यानं,
कॅलेंडरचा. हातोडी सापडेना.
सगळ्या जन्मात त्यानं ठोकला तो तेवढाच."

दहीपुलावरच्या माझ्या दुकानात
शिसव, सागवान, दांड्यांपुरती बाभूळ.
अक्रोड मी खाल्लासुद्धा दोनदाच.
शिसवाचा तुकडा लावून पाहिला,
उसना कोट घालून लग्नाला आलेल्या माणसासारखा दिसला.
चौथ्या दिवशी बाईंनी घरातल्या टीपॉयचा मोडका पाय पाठवला.
आडवा कापला तर आत तोच रंग,
कपात राहून गेलेल्या चहाचा.

स्पिरिटनं जुनं तेल काढलं.
चिंधी काळी, मग तपकिरी, मग नुसती ओली.
पटाशीनं फुटीची कड सरळ केली.
तुटलेलं जोडायचं तर आधी आणखी थोडं तोडावं लागतं,
हे वडिलांनी मला शिकवलं नाही,
ओरडून सांगितलं.
रेषेला रेषा मिळाली तेव्हा सरस,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, रात्रभर आवळून.
मग जाळी. मिलिमीटरला एक तिरकी रेघ,
तिच्यावर उलटी दुसरी,
चष्म्यावर चष्मा, श्वास धरून.
एक रेघ चुकली.
कुठली, ते सांगणार नाही.
शेवटी जवसाचं तेल, अंगठ्यानं.

मूठ बसली का हे बघायला
मूठ धरावीच लागते.
धरली.
चाळीस वर्षं रंधा ढकलणारा हात,
त्याला कुणी काही दाखवलं नव्हतं,
तरी पहिलं बोट आपणहून पुढे गेलं
आणि चापावर जाऊन थांबलं.
समोर घड्याळ.
घड्याळाखाली चहा घेऊन आलेला मोईन,
जागच्या जागी.
"काका, नकली ना?"
हो म्हणालो.
म्हणेपर्यंत चहावर साय धरली होती.

तेहमीबाईंनी भिंग आणलं होतं.
उजेडात नेलं, उलटं केलं, नखानं चाचपलं.
जोड सापडेना तशा हसल्या,
"झाकली मूठ! सव्वा लाखाची ना?
पुण्याचा माणूस दीड देतोय."
मग बराच वेळ डबा बंद करत राहिल्या.
झाकण नीट बसत होतं, तरी.

टीपॉयचा उरलेला पाय माझ्याकडेच राहिला.
त्यातून पटाशीला मूठ केली.
चांगली झालीय, हातात भरते.
फक्त पहिलं बोट कुठे ठेवायचं
ते अजून ठरत नाही.