दुसरा भाग

नुकूसमध्ये, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
मंगळवारी नि शुक्रवारी मी इंग्रजी निबंध शिकवते.
चाळीस मिनिटं. अडीचशे शब्द. एका विषयाचे दोन प्रश्न.
हीटर एकच आहे, त्यामुळे खुर्च्या
हळूहळू भिंतीकडे सरकतात
आणि तास संपेपर्यंत अख्खा वर्ग
एका कोपऱ्यात गोळा झालेला असतो.

फळ्यावर मी मधोमध रेघ ओढते.
डावीकडे: का?
उजवीकडे: मग ते बरं की वाईट?
दोन्हींना सारखं माप, मी बजावते.
सगळं धान्य एकाच पारड्यात ओतलंत
तर दुसऱ्यात शून्य टाकायला
परीक्षक मोकळा.

आजचा प्रश्न छापील होता, माझा नव्हे:
अनेक देशांत माणसं लहान गावं सोडून जात आहेत.
याची कारणं कोणती?
हा बदल चांगला की वाईट?

जंगाबायने लगेच वाक्यं मांडली,
पाठ केलेली, कडक इस्त्रीची,
'आजच्या आधुनिक जगात' इथून निघणारी.
त्याला साडेसहा मिळतील. सातही.

आयपार्शा मुयनाकची.
रात्रपाळी उरकून थेट येते,
बोटांना स्पिरिटचा वास,
लीड्समधल्या वृद्धाश्रमाचं पत्र वहीत घडी करून.
तिने लिहिलं होतं:

आमच्या गावातून पहिल्यांदा समुद्र गेला.
त्याने कारण सांगितलं नाही.
त्याला व्हिसा लागला नाही.
मग मासे गेले, मग मासे डब्यात भरणाऱ्या बायका,
मग गणिताचे मास्तर, मग माझा भाऊ,
अल्माटीत फरशा बसवायला.
वडील राहिले.
ते रोज सकाळी धक्क्यावर गाय घेऊन जातात.
गाय बोटीच्या सावलीत बसते.

मी लाल पेन उघडलं.
समुद्राच्या आधी 'द' राहिला होता.
आमच्या बोलीत असलं काही नसतं,
म्हणून मीच दर आठवड्याला घोकून घेते:
कुठला ते ऐकणाऱ्याला ठाऊक असेल, तर 'द'.
'द' लिहिला.
मग बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत बसले.
लीड्सच्या परीक्षकाला
कुठला ते ठाऊक असेल का?

रेघेच्या उजवीकडे
अर्धंच वाक्य होतं: हे बरं की वाईट हे
आणि पुढे पेनाची निब टेकल्याचा ठिपका,
कागदात रुतलेला.

वर्ग उठला तशी ती टेबलाशी आली.
म्हणाली, बाई, हा दुसरा प्रश्न
जाणाऱ्याला विचारलाय की राहणाऱ्याला?

मी म्हटलं, कुणालाच नाही गं.
एक बाजू घे, दोन कारणं दे, एक उदाहरण जोड.
खरं असायची सक्ती नाही.
पूर्ण असलं की झालं.

तिने मान हलवली, वही पिशवीत सारली.
जिना उतरताना खालून
दुकानदारीण तिला म्हणाली, दार ओढून घे, गारवा येतो.

मला या परीक्षेत आठ मिळाले होते.
बारा वर्षं झाली. कागद दोन वर्षांतच शिळा होतो
हे मुलांना मी पहिल्याच तासाला सांगते;
माझा कुठे आहे हे कुणी विचारत नाही.
ड्रॉवरमध्ये आहे, विजेच्या बिलांखाली.
जायचं ठरलं होतं.
मग आईचं डायलिसिस, मग हा वर्ग,
मग एवढे जण पाठवत गेले
की मी स्टेशनावरच्या घड्याळासारखी झाले,
गाडी पकडणारा प्रत्येकजण बघून जातो.

आता रात्रीचे साडेअकरा.
शुक्रवारसाठी नमुना उत्तर लिहितेय.
डावी बाजू भरली, एकशे चाळीस शब्द,
एकही चूक नाही.
उजवीकडे शीर्षक टाकलंय,
खाली दोनदा रेघ ओढलीय.
चहा गार झाला, तो पुन्हा तापवला.

आज घड्याळ लावलेलं नाही.