इनासची मूठ

काळ्या नायलॉनचा गट्टू लेथवर चढवला,
आतून तेहतीस मिलीमीटर,
एका बाजूला करवतीची चीर,
चिरेवर खिट्टी, सायकलच्या सीटला असते तशी.
एवढंच. थ्रॉटल लॉक म्हणतात त्याला.
दुकानात मिळतो, चकचकीत, पेटीत बसवलेला.
इनास किंमत ऐकून म्हणाला,
"त्या पैशांत मी मंगळूरला जाऊन येईन.
तूंच कर रे, पुंडो."

मडगावच्या बाजारात पस्तीस वर्षं पायलट.
बाहेरच्यांना सांगावं लागतं, विमानाचा नव्हे,
पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलचा.
मागं बसवायचं, सोडायचं, परत यायचं.
कोर्टाच्या तारखेला निघालेला घामेजलेला माणूस,
इंजेक्शनला भ्यालेलं पोर आणि त्याची आजी,
एकदा नुसता ट्रॉम्बोन,
वाजवणारा बसनं पुढं गेलेला.
सगळी भाडी दोन किलोमीटरची, फार तर सात.
मूठ पिळून पिळून
उजव्या हाताची शेवटची दोन बोटं
आता चमचा धरत नाहीत.
"हात न्हिदता रे," म्हणतो,
जसं काही घरातलं धाकटं पोर झोपलंय.

परमिट परत केलं. पिवळा रंग खरवडला,
तर खालून निळा निघाला.
निळी होती गाडी, हे तो विसरलाच होता.
आता लांब जायचंय.
किती लांब, विचारलं.
"कितले जातले असं मागून कोणी विचारणार नाही, तितकं."

खाणीवर होतो तेव्हा मी
ट्रकांची बुशिंगं कातायचो, मांडीएवढी.
तिथं चुकलं तर आवाज यायचा आणि साहेब यायचा.
ही रिंग बांगडीएवढी,
पण हिनं तीनदा घाम काढला.
पहिली इतकी घट्ट
की इंजिन उभ्या जागी बोंबलत राहिलं,
शेजारची सुलभा शिवणयंत्र सोडून धावत आली,
चावी तिनं काढली, आम्ही दोघं नुसते बघत.
दुसरी धरायचीच नाही.
घट्ट करायला अक्कल लागत नाही.
धरून ठेवावं, आणि हातानं मागितलं
की लगेच द्यावं,
त्या केसभर फरकासाठी
रविवार गेला.

बजावलं त्याला,
बाजारात लावायचा नाही, वळणावर नाही,
गुरं दिसली तर मुळीच नाही.
"मागीर गोंयांत लावूं खंय?" तो हसला.
खरंच की.
गाडी एका वेगाला लागेपर्यंत
फेस्ताचा मांडव आडवा येतो,
मांडव चुकवला तर मेहुणा भेटतो.

शेवटी काणकोणचा बायपास.
पहाटे सहा. मी मागे,
आयुष्यात पहिल्यांदा इनासच्या मागे,
फुकट.
पंचावन्नला त्यानं खिट्टी दाबली
आणि उजवा हात उचलला.
इंजिनाचा सूर हलला नाही.
हात मात्र हवेत तसाच, अर्धा पिळलेला,
बोटं वाकडी,
नसलेली मूठ धरून.
तळपणचा पूल गेला, खाली होड्या, कुणीतरी जाळं झटकत होतं.
तेव्हा कुठं बोटं सुटी झाली, एकेक,
शेवटची दोन उशिरानं.

मग तो हात मागे आला.
माझ्या गुडघ्यापाशी. तळवा वर.
भाडं मागताना यायचा तसा.
मला वाटतं त्याला कळलंही नसेल.
मी खिशातली दहाची नोट ठेवली.
त्यानं मूठ झाकली,
सव्वा लाखाची म्हणा हवं तर,
पुढं वाऱ्यानं ती नेली की त्यानंच सोडली
ते मला मागून दिसलं नाही.

गालजीबागच्या अलीकडं गाय.
अर्थातच.
हात आपसूक मुठीवर गेला,
रिंग फिरली, कुरकुरली नाही,
वेग उतरला, गाय बघत राहिली.
मी मनातल्या मनात लेथला नमस्कार केला.

"पोळें मेरेन वचूंया?" इनासनं विचारलं.
पोळ्याला गोवा संपतो.
वर्कशॉपची चावी माझ्या खिशात,
नऊला कुणाच्या तरी स्कूटरची चेन घालायची होती.
मी काही बोललो नाही.
त्यानं खिट्टी दाबली.