पासंग

तीस वर्षं साखर तोलली
वाशीच्या मसाला मार्केटात,
शंभर किलोची पोती होती तेव्हापासून
पन्नासची झाली तोवर.
काटा कधी मारला नाही.
दुसऱ्यानं मारला तर लांबून ओळखायचो.

आता कोपरखैरण्यात, माथाडी वसाहतीत,
सकाळी सहाला, चहाच्या आधी
स्वतःचंच माप घेतो.
सुई बोटाच्या पोटात नाही, कडेला टोचायची,
सूनबाईनं शिकवलं.
साखळी ओढून ओढून घट्टे पडलेत,
रक्त लवकर वर येत नाही.
पिळू नका, म्हणते, कोमट पाण्यानं हात धुवा, येईल.
येतं. मोहरीएवढं.
एकशे बेचाळीस.
वहीत मांडतो, पावतीवर मांडायचो तसं,
खाली रेघ ओढून.

डॉक्टर तांडेल म्हणाले, सर्जेराव,
रोजचा आकडा म्हणजे एक पोतं,
तीन महिन्यांचा म्हणजे अख्खा ट्रक.
एका पोत्यानं घाबरू नका, फुशारूही नका,
ट्रक बघू आपण.
ट्रक आठ पूर्णांक चार भरला होता.

हौसानं साखरेचा डबा वरच्या फळीवर टाकला
आणि गुळाची ढेप काढली, कोल्हापुरी, पिवळीधमक.
गूळ चालतो, तिच्या बहिणीनं सांगितलं म्हणे.
अगं, शेजारच्याच गाळ्यात होता तो,
एकाच उसाची लेकरं दोघं,
मला नको सांगू.

भात सुटला नाही. फक्त रांगेत मागं गेला:
आधी काकडी, मग मेथी, मग मटकी,
भात शेवटी, पोटात जागा उरेल तेवढाच.
भाकरी अर्धी.
दुसरी अर्धी टोपलीतून बघत राहते
हमाली न मिळालेल्या माणसासारखी.

जेवल्यावर लवंडायचं नाही.
मी आणि वरच्या मजल्यावरचा ठोंबरे
खाडीकडच्या रस्त्यानं पंधरा मिनिटं चालतो.
तिकडं चिखलात ते गुलाबी पक्षी
एका पायावर उभे, तोल न जाता.
किती आली, मी विचारतो.
ठोंबरे दहानं कमी सांगतो.
मी काही बोलत नाही.

रात्री हौसा कुंकवाच्या डब्यातला आरसा
माझ्या तळपायाखाली धरते.
डाव्या अंगठ्याला खिळा लागला तरी कळत नाही आता,
तिच्या डोळ्यांनी बघायचं.
लग्नात तिनं माझे पाय धुतले तेव्हा
मी लाजून वर बघत होतो.

श्रावणात एकदा गोळी घेतली आणि जेवण राहिलं.
बोर्डाच्या हापिसात कागदांची रांग,
तिथून उगाच मार्केटात डोकावलो,
तर हात कापायला लागले, सदरा भिजला,
ओळखीच्या गल्लीत गाळ्याचा नंबर आठवेना.
माझ्या जागी आता तोलतो तो पाचुपत्यांचा मंगेश,
त्यानं पोत्यावर बसवलं,
चहावाल्याकडून पाण्यात साखर ढवळून आणली.
तीन चमचे.
एवढं कमी माप त्या गल्लीत
कुणीच कधी तोललं नसेल.
पंधरा मिनिटांनी गाळ्याचा नंबर आठवला,
मग त्याच्याच डब्यातली चपाती खाल्ली.
तेव्हापासून खिशात एक पुडी असते साखरेची,
ओळखपत्राच्या मागं.

जुन्या तराजूचं एक पारडं झुकायला लागतं.
मोडीत नाही काढत कोणी.
हलक्या बाजूला खडा बांधायचा,
सुतळीनं, बोटाच्या पेराएवढा,
आणि रोज सकाळी दांडी बघायची
कारण खडा ओला झाला, सुतळी झिजली
की पुन्हा नवा शोधावा लागतो.

आज एकशे एकोणतीस.
काल सूनबाईच्या आग्रहानं हापूसची एक फोड खाल्लेली,
तरीही.
वहीत रेघ ओढली.
जिन्यात ठोंबऱ्याची चप्पल वाजतेय.
विचारेल आता.
खरंच सांगणार आहे मी.
फार तर पाचनं कमी.