खर्ज

तपासणीच्या बाईंनी कागदावरची रेघ दाखवली,
डावीकडे सपाट, उजवीकडे कड्यावरून कोसळलेली.
"वरचं गेलंय काका. खालचं शाबूत आहे."
रबाळ्याला सत्तावीस वर्षं पॉवर प्रेसवर होतो.
कानात कापूस घालायचो. कापसाला काय कळतं.

आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल,
मग स गेला, श गेला.
बायकोचं नाव शशिकला.
दोन्ही श गळाले, आता मी हाक मारली
तरी माझ्याच तोंडून 'ऐकला' असं काहीसं येतं.

कोपरखैरणे, सिडकोचं घर, मधली भिंत एका विटेची.
पलीकडे लीलाधर मढवी. बेस वाजवतो.
त्याची आई विचारायची,
"चारच तारा? दोन कंय हारवल्यास रं?"
भिंतीचं आणि माझ्या कानांचं एकमत आहे:
दोघंही फक्त त्यालाच आत येऊ देतात.

एकदा त्याचा अँप उचलायला माणूस नव्हता, मी गेलो.
तेव्हापासून जातो. टेम्पोत पुढे बसायला मिळतं.

घणसोलीच्या हळदीत बँजोवाला सुसाट सुटतो म्हणे.
मला दिसतात नुसती बोटं, मुंग्या चावल्यासारखी.
ऐकू येतो तो लीलाधर:
दोन पावलं, थांब, एक पाऊल.
नवऱ्याचा मामा भलताच झुलत होता,
पण पडला नाही.
कुणी धरून ठेवला, ते मला ठाऊक.

रविवारी वाशीच्या चर्चमध्ये हाच माणूस
इस्त्रीचा शर्ट घालून एकच सूर धरून असतो,
गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवावा तसा.
आणि हात काढायची घाई करत नाही.

बेलापूरच्या हॉटेलात जॅझ. तिथे खर्ज चालतो,
चार पायऱ्या खाली, तीन वर,
जिन्यात कुणी पडलेली किल्ली शोधतंय जणू.
जेवणारे जेवत असतात.

सीवूड्सच्या बंद गाळ्यात मेटलवाली पोरं.
तिथे माझ्या छातीत प्रेस पुन्हा सुरू होतो,
मी बाहेर येऊन उभा राहतो.
तो दारातून म्हणतो, "सॉरी काका."
ओठांवरून कळतं.

गझलच्या कार्यक्रमाला अख्ख्या गझलेत त्याने तीन सूर लावले.
परतताना विचारलं, पैसे तेवढेच?
मोठ्याने, माझ्या कानाशी येऊन म्हणाला,
"न वाजवल्याचेच देतात."

मार्चमध्ये टेम्पोच्या फाळक्यात त्याचं बोट सापडलं.
तीन आठवडे कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने भागवलं.
वन्समोअर मिळाला, कुणाचं काही अडलं नाही.
मी हॉलमध्ये शेवटच्या रांगेत,
समोर तोंडं उघडत होती, मिटत होती,
पाण्याबाहेर काढलेल्या बोंबलांसारखी.
घरी भिंतही गप्प.

शशिकलेचा आवाज पहिल्यापासून बारीक.
वर्षभर ती ओरडली,
मग वर्षभर कामापुरतं बोलली,
मग तेही चिठ्ठीवर.
त्या गप्प दिवसांतल्या एका संध्याकाळी
मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसलो होतो,
वाचत नव्हतो.
तेवढ्यात ओट्यावरून काहीतरी आलं,
फरशीतून, खुर्चीच्या पायांतून, मांडीतून.
तिच्या हातात खलबत्त्याचा बत्ता.
चेहऱ्यावर काही नाही, भाजी ढवळावी तसा.

माझ्या कधी डोक्यातच आलं नाही,
की त्याच भिंतीला पाठ लावून
तिनेही इतकी वर्षं भाकऱ्या थापल्यात.

लीलाधरचं बोट बरं झालं, नख तेवढं काळं आहे.
रात्री भिंत पुन्हा बोलू लागली.
बत्ता मात्र आता ओट्यावरच असतो, खल फळीवर.
जेवण झालं की वाजतो.
दोन पावलं, थांब,
एक.

मी उठतो.